भाडे कमी करा म्हणणारा भाडेकरू

मंडळी, तालुक्याच्या गावी तुमची एक खोली रिकामी आहे. बदलून आलेले गुरुजी म्हणतात, "तीन हजार जड जातात हो, अठ्ठावीसशे करा की!" लगेच तोंड फिरवू नका. बाजारात घासाघीस आपणही करतोच ना? हिशेब मांडा. दोनशे सोडले तर वर्षाला २४०० गेले; खोली एकच महिना रिकामी राहिली तर ३००० बुडाले. पण गुरुजी चार महिन्यांत निघून गेले तर? म्हणून सूट द्यायची ती वर्षभर राहण्याच्या बोलीवर. ही बोली तोंडी मात्र ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट शाबीत होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचेच म्हणणे खरे धरतात.