समाधी : एक शब्द, तीन घरे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सौंसरवरून जातो आणि बैतूलकडे जाणारा पांढुर्ण्यावरून. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख मध्य प्रदेशात मोडतो. पण येथील असंख्य घरांची बोली मराठीच आहे. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. येथील एखाद्या शाळेत गुरुजींनी ‘समाधी’ या शब्दाचा अर्थ विचारला, अशी क्षणभर कल्पना करावी. वारकरी घरातील मुलगा म्हणेल, ‘आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांची आहे ती.’ योगासने शिकणारी मुलगी म्हणेल, ‘योगाचे आठवे अंग.’ बुद्धविहारात वंदनेस जाणारा मुलगा म्हणेल, ‘शील, समाधी, प्रज्ञा यांतील मधली.’ गुरुजींनी कोणाचे उत्तर चूक ठरवावे?

निवाडा करण्यापूर्वी शब्दाचे मूळ पाहावे. ‘सम्’ आणि ‘आ’ या उपसर्गांपुढे ‘धा’ म्हणजे ठेवणे हा धातू येऊन हा शब्द सिद्ध झाला. विखुरलेले नीट एकत्र ठेवणे, हा त्याचा मूळ भाव. आपला रोजचा ‘समाधान’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ होय. संस्कृतात पुल्लिंगी असलेला हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला, आणि मराठीने त्याला तीन निरनिराळी क्रियापदे जोडून दिली. समाधी लागते, समाधी घेतात आणि समाधी बांधतात. लागते ती मनाची अवस्था, घेतात तो देहत्याग आणि बांधतात ती वास्तू.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादाचे नावच समाधिपाद आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ही योगाची आठ अंगे. चित्त एका स्थानी बांधणे ही धारणा. त्याच विषयाचा अखंड प्रवाह चालणे हे ध्यान. आणि ध्यान करणारा स्वतःला विसरून केवळ ध्येयवस्तूच उरणे, ही समाधी. तिच्यातही सबीज आणि निर्बीज अशा पायऱ्या आहेत. शेवटी प्रकृतीहून पुरुष वेगळा आहे हे उमगते आणि कैवल्य प्राप्त होते. म्हणजे योगातील समाधी ही साध्याच्या अगदी उंबरठ्यावर उभी आहे.

भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातही समाधी आठवीच येते. घोटाळा होतो तो येथेच. त्या मार्गावर समाधीपूर्वी ‘सम्यक’ हे विशेषण आहे आणि ते शोभेचे नव्हे. जाम नदीच्या काठी एका पायावर उभा राहिलेला बगळाही एकाग्रच असतो. पण त्याचे लक्ष मासोळीवर असते. म्हणूनच मराठीत ‘बकध्यान’ हा शब्द दोषदर्शक ठरला. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात समाधीची व्याख्या कुशल चित्ताची एकाग्रता अशी केली. कुशल म्हणजे येथे निर्मळ, हितकारक. या ग्रंथाचे देवनागरीत संपादन करून तो आपल्या लोकांपर्यंत आणणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवाळचे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्यापाशी समाधीच्या फार वरच्या अवस्था शिकले. तरी दुःखाचा अंत तेवढ्याने होत नाही, असे पाहून ते पुढे निघाले. म्हणून बौद्ध मार्गात समाधी हे साध्य नव्हे, साधन आहे. शीलाच्या पायावर समाधी आणि समाधीच्या आधारे प्रज्ञा, असा तो क्रम आहे.

हा अर्थ पांढुर्णा-सौंसरच्या दारी कसा आला, त्याला इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, तेव्हा नागपूर आणि हे दोन्ही तालुके एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि मध्ये सीमारेषा आली. दीक्षेच्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या आचरणाचीही एक प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांतील भेद स्पष्ट केला आहे. मनाला कुशल कर्माचाच विचार करण्याचे वळण लावणे, हे दुसरीचे कार्य होय.

राहिली ती बांधलेली समाधी. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस संजीवन समाधी घेतली आणि अवस्थेचे नाव स्थळास मिळाले. पुढे रायगडावर शिवछत्रपतींच्या दहनस्थानावर उभारलेली वास्तूही समाधीच म्हटली गेली. मात्र दादरला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले त्या स्थळास चैत्यभूमी म्हणतात, कारण बौद्ध परंपरेत स्मारकासाठी चैत्य आणि स्तूप हे स्वतंत्र शब्द आहेत.

तेव्हा गुरुजींनी तिन्ही मुलांना पूर्ण गुण द्यावेत, आणि मग प्रत्येकाला शेजारच्या बाकावरील मुलाचा अर्थ फळ्यावर लिहावयास सांगावे. एकाच गल्लीत राहणाऱ्यांनी एकमेकांचा शब्द नीट समजून घेतला, तर पुष्कळशा वादांचे समाधान आपोआप होईल.