विश्लेषण : राळेच्या गोळ्याने उलगडले बुडालेल्या जहाजाचे वय

बाळाला न्हाऊ घातले की आजी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि उदाचा खडा टाकायची. धुराने डोळे चुरचुरायचे, पण तो वास अजून नाकात आहे. खडा वाण्याकडून यायचा. त्याआधी तो कुठून येतो, हे घरात कुणी विचारले नाही. असाच सुगंधी राळेचा माल घेऊन निघालेले एक व्यापारी जहाज सुमारे ८०० वर्षांपूर्वी जावा समुद्रात बुडाले. त्याच्या वयाचे कोडे सोडवण्यात या राळेचाही वाटा आहे.

जहाजात काय सापडले?

१९८०च्या दशकात मच्छीमारांना या जहाजाचा पत्ता लागला. १९९६ मध्ये एका कंपनीने माल वर काढला. चिनी मातीची हजारो भांडी, लोखंड, हस्तिदंत आणि राळ. लाकडी सांगाडा जवळपास संपला होता. मालाचा मोठा भाग आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे.

जहाज नेमके कधीचे?

आधी ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाई. पण काही भांड्यांवर ‘जिएननिंग फू’ अशी अक्षरे आहेत. हे आजच्या ‘मेड इन चायना’सारखेच लेबल! चीनमधल्या या भागाला ‘फू’ हा दर्जा ११६२ मध्ये मिळाला आणि १२७८च्या सुमारास मंगोल राजवटीत तो ‘लू’ झाला. म्हणजे भांडी या दोन वर्षांच्या मधली. पण शंभराहून अधिक वर्षांचा हा काळ. त्यातले जहाज कधीचे?

भाजलेल्या मातीची कार्बन चाचणी होत नाही. राळ झाडाची, दात हत्तीचा. दोन्ही कधीकाळी सजीवांचा भाग होते. त्यांतल्या कार्बनवरून वय मोजता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या चाचण्या आणि भांड्यांची घडण एकत्र पाहिली, तेव्हा जहाज आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे शतकभर जुने निघाले. म्हणजे ते मंगोलांच्या नव्हे, तर सागरी व्यापार भरात असलेल्या सोंग राजवटीतले.

आपल्या उदाचा संबंध काय?

जहाजातली राळ म्हणजे ऊदच, असे नाही. तशी राळ जहाजाच्या फटी बुजवायलाही वापरत. पण ऊदही त्याच समुद्रावरून फिरलेला. सुमात्रातल्या या राळेला अरब व्यापारी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचे लोबान म्हणत. त्याच नावावरून युरोपात ‘बेंझोइन’ हा शब्द आला.

धोका कुठे आहे?

भांडी विकली जातात, राळेच्या काळपट गोळ्याला गिऱ्हाईक नसते. लुटारू नक्षीची वाटी उचलतात. तिच्याशेजारी काय पडले होते, याची नोंद कुणी करत नाही. या जहाजाचीही अधिकृत उत्खननाआधी लूट झाली होती.