पार्किंगच्या पाटीमागची फाईल

पुण्यात मार्च 2018 मध्ये सशुल्क पार्किंगच्या धोरणावरून महापालिकेत गदारोळ झाला. खरी गंमत मंजुरीत होती. संपूर्ण शहरासाठी आलेले धोरण मंजूर झाले ते 5 रस्त्यांपुरते, प्रायोगिक तत्त्वावर. धोरण रोखले म्हणून विरोधक खूश, मंजूर केले म्हणून सत्ताधारी खूश. ते 5 रस्ते कोणते, हे मात्र नंतर ठरायचे होते!

रस्त्यावर ‘नो पार्किंग’ची पाटी लावते महापालिका, आदेश काढतात वाहतूक पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार महिन्याभरापेक्षा जास्त काळाचे निर्बंध राजपत्रात जावे लागतात. म्हणून बरेचदा आधी तात्पुरता आदेश निघतो, हरकती-सूचना मागवल्या जातात. अशी एक फाईल मी चाळली आहे. व्यापाऱ्यांची एकाच मजकुराची पत्रे, खाली फक्त सह्या वेगळ्या. रहिवासी मात्र बैठकीत ‘गाड्या हटवा’ म्हणून तावातावाने बोलले आणि घरी गेले. लेखी कोणीच काही दिले नाही. कागदावर अख्ख्या रस्त्याचा निर्बंधाला विरोध नोंदला गेला.

सम-विषम पार्किंगचा, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावण्याचा, किस्सा तर अस्सल बाजारपेठेतला. 31 तारीख विषम आणि लगेच येणारी 1 तारीखही विषम, त्यामुळे साध्या वर्षात विषम दिवस 186, सम दिवस 179. एका व्यापाऱ्याने हा हिशोब मांडून तक्रार केली, की माझ्या दुकानापुढे 7 दिवस जास्त गाड्या लागतात, शोकेस झाकली जाते. समोरच्यानेही तोच हिशोब जोडला. त्याचे म्हणणे, माझ्या गिऱ्हाइकांना 7 दिवस कमी जागा मिळते!

दुसऱ्या एका गावात आदेशात ‘डावी बाजू’ एवढेच लिहिले होते. ठेकेदाराचा माणूस रस्त्याच्या उलट्या टोकाला उभा राहिला आणि पाट्या पडल्या उजवीकडे. टोइंगवाल्यांनी पहिलीच गाडी उचलली, तोच मालकाने मोबाईलवर मूळ आदेश दाखवला. गाडी मुकाट्याने खाली ठेवावी लागली. पुढच्या आदेशात शहाणपणाने एका दुकानाचे नाव खूण म्हणून घातले. वर्षभरात त्या दुकानाचीच पाटी बदलली.

गाड्या खरेच हटल्या तर काय होते, तेही दिसले आहे. 11 डिसेंबर 2021 ला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग पादचारी दिनासाठी वाहनांना बंद ठेवला गेला. एरवी इंच इंच जागेसाठी भांडणाऱ्या त्या रस्त्याच्या मधोमध माणसे निवांत चालली. म्हातारी माणसे, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया यांना अशी जागा रोज मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते. तुम्हालाही वाटत असेल, तर पुढच्या वेळी मुदतीत एक सूचना लिहून द्या आणि पोच घ्या. निर्णयाच्या टेबलावर बैठकीतला आवाज पोहोचत नाही, आवक क्रमांक पडलेला कागद पोहोचतो.