आधी उष्णता, मग वायू

दसऱ्याच्या सुमारास रेठरे बुद्रुक, यशवंतनगर, साखराळे, कुंडल अशा गावोगावच्या साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होते. मग गव्हाणीत मोळी पडते आणि सातारा-सांगलीचा गळीत हंगाम सुरू होतो. याच दिवसांत चिमणीवरची वायू-नमुना यंत्रणाही चालू करायची असते. तिला मुहूर्त लागत नाही, क्रम लागतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 5 फेब्रुवारी 2014 रोजी साखर आणि डिस्टिलरीसह 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मापन यंत्रे बसवायला सांगितले. धुळीचे मापक थेट चिमणीवर बसते. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड असे वायू मोजायचे, तर बऱ्याच ठिकाणी धूर ओढून खालच्या केबिनमधल्या अ‍ॅनालायझरपर्यंत आणावा लागतो.

अडचण पाण्याची आहे. गिरणीतून निघून बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, जवळजवळ निम्मे पाणी असते, त्यामुळे धुरात वाफ भरपूर. नळी थंड असेल तर वाफेचे पाणी होते, सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. राख ओली होऊन फिल्टर चोंदतो, आम्लाने नळ्या खराब होतात. म्हणून चिमणीत धूर ओढणाऱ्या प्रोबचा फिल्टर आणि नळी साधारण 180 अंशांपर्यंत तापवतात. केबिनमध्ये आल्यावर कूलर हाच वायू झटक्यात 4-5 अंशांवर आणतो आणि साचलेले पाणी छोटा पंप बाहेर फेकतो.

चालू करताना म्हणूनच हीटर आणि कूलर आधी. दोन्ही ठरलेल्या तापमानाला पोहोचेपर्यंत सॅम्पल पंपाला हात लावायचा नाही. तोवर सांधे गळतात का ते पाहायचे. गळक्या सांध्यातून हवा आत आली की ऑक्सिजन वाढलेला दिसतो. अ‍ॅनालायझर तापला की शून्यासाठी नायट्रोजन, मग प्रमाणित वायू सोडून आकडे जुळवायचे आणि शेवटी चिमणीचा वायू घ्यायचा.

बंद करताना क्रम उलटा. आधी चिमणीचा वायू तोडायचा, मग कोरडी स्वच्छ हवा किंवा नायट्रोजन सोडून नळ्या धुऊन काढायच्या, त्यानंतर पंप, आणि हीटर अगदी शेवटी. हंगाम संपल्याच्या घाईत मुख्य स्विचच पाडला तर नळीत उरलेले आम्लपाणी पावसाळाभर आत बसते. यंत्र बिघडते ते अशाने, असे माझे ठाम मत आहे.

माणसाचा धोका त्याहून मोठा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद केबिनमध्ये नायट्रोजनचा सिलिंडर गळला, तर ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली जाऊ शकतो आणि माणसाला ते कळतही नाही. डिस्टिलरीच्या बायोगॅसचा नमुना घेताना तर जास्तच जपावे लागते: मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे गळती थांबली, असे कोणी समजू नये. तिथे नळ्या नायट्रोजननेच धुवाव्यात, हवेने नाही.

केबिनचा पंखा चालू, वायूची निकास नळी छताबाहेर, सिलिंडर साखळीने बांधलेले आणि गॅस डिटेक्टर तपासलेला, हे पाहूनच आत पाऊल टाकावे. इन्स्ट्रुमेंट विभागांना एकच विनंती: चालू-बंद करण्याचा क्रम मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून केबिनच्या दारावर लावा. रात्रपाळीचा नवा मुलगा तोच वाचणार आहे.