जुन्या घरासाठी उष्णता पंप : निवड आणि किंमत (ब्रिटनमधील घरांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इंग्लंडमधील सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वी बांधलेली आहेत. विटांच्या सलग भिंती, उंच छत, फटी असलेल्या खिडक्या आणि नैसर्गिक वायूवर चालणारा बॉयलर ही या घरांची सर्वसाधारण ओळख होय. कर्ब उत्सर्जन कमी करण्यासाठी बॉयलरच्या जागी उष्णता पंप (हीट पंप) बसवावा, असे तेथील शासनाचे धोरण आहे. मात्र जुन्या घरात हे यंत्र परवडते काय, हा घरमालकापुढील खरा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाचा विचार केला असून, यंत्राच्या किमतीपेक्षा रेडिएटरमधील पाण्याचे तापमान अधिक निर्णायक कसे ठरते, हे स्पष्ट केले आहे.

कार्यतत्त्व

उष्णता पंपाने इमारत उबदार ठेवण्याची कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडली. फ्रिज आतील उष्णता बाहेर टाकतो. उष्णता पंप बाहेरील थंड हवेतील उष्णता घरात आणतो. वर्षभरात विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीन युनिटे मिळाली, तर पंपाची हंगामी कार्यक्षमता ३ मानली जाते. बाहेरील हवा आणि रेडिएटरकडे जाणारे पाणी यांच्या तापमानांत जितके अंतर अधिक, तितके कॉम्प्रेसरला श्रम अधिक पडतात व कार्यक्षमता घटते. जुन्या घराची अडचण नेमकी येथेच आहे.

यंत्राची निवड

निवडीचा आरंभ यंत्राच्या माहितीपत्रकापासून नव्हे, तर प्रत्येक खोलीच्या उष्णताक्षयाच्या मोजणीपासून व्हावयास हवा. भिंत, खिडकी, छत व जमीन यांचे क्षेत्रफळ, त्यांतून उष्णता जाण्याचा दर आणि आतबाहेरच्या तापमानांतील फरक यांचा गुणाकार करून, त्यात फटींतून जाणाऱ्या हवेचा हिशेब मिळवावा लागतो. मध्यम आकाराच्या जुन्या घराचा उष्णताक्षय कडाक्याच्या थंडीतही बहुधा ६ ते १० किलोवॅट भरतो. त्याच घरातील बॉयलर मात्र २४ किंवा ३० किलोवॅटचा असतो, कारण तो स्नानाचे पाणी तत्क्षणी तापविण्यासाठी निवडलेला असतो. बॉयलरचा आकडा पाहून पंप ठरविल्यास तो गरजेपेक्षा मोठा येतो, वारंवार चालू-बंद होतो आणि वीज व्यर्थ खातो. पंप पाणी तत्क्षणी तापवीत नसल्यामुळे गरम पाण्याची टाकी ठेवण्यास जागाही शोधावी लागते. लहान घरांत ही बाब क्षुल्लक नसते.

रेडिएटरची क्षमता सामान्यतः पाणी व खोली यांच्या तापमानांत ५० अंशांचा फरक गृहीत धरून दर्शविलेली असते. हा फरक २५ अंशांवर आणल्यास क्षमता सुमारे ४० टक्केच उरते. म्हणून ४५ अंशांच्या पाण्यावर घर उबदार ठेवावयाचे, तर काही रेडिएटर मोठे घ्यावे लागतात किंवा उष्णताक्षय कमी करावा लागतो. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर देणे व फटी बुजविणे हे उपाय स्वस्त व निर्विवाद आहेत. सलग भिंतींना आवरण घालणे मात्र खर्चिक असते. काम सदोष झाल्यास भिंतीत ओल धरते, आणि वारसा इमारतींत त्यासाठी परवानगीही लागते. भिंतींना आवरण घातल्याशिवाय पंप बसवूच नये, हा समज तरीही अतिरेकी म्हणावा लागेल. शासकीय साहाय्याने झालेल्या एका चाचणीत निरनिराळ्या काळांतील ७४२ घरांत पंप बसविण्यात आले; त्यांत व्हिक्टोरियाकालीन घरेही होती. हवेवरील पंपांची मध्यक हंगामी कार्यक्षमता सुमारे २.८ आढळली.

किमतीचा हिशेब

इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत हवेवरील पंपासाठीचे अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,००० वरून ७,५०० पौंड करण्यात आले. अनुदान वजा करून उरणारी रक्कमच घरमालक पाहतो व कमी रकमेचा प्रस्ताव स्वीकारतो. परंतु २०२५ मध्ये तेथे विजेचे युनिट वायूच्या युनिटापेक्षा सुमारे चौपट महाग होते. त्यामुळे कार्यक्षमतेतील लहानसा फरकही देयकात ठळकपणे उमटतो.

उदाहरणादाखल घराला वर्षाला १५,००० युनिट उष्णता लागते, वायूचा दर ६ पेन्स व विजेचा २४ पेन्स आहे असे मानू. ८५ टक्के कार्यक्षम बॉयलरचा वार्षिक खर्च १,०५९ पौंड येतो. पंपाची कार्यक्षमता २.८ असल्यास खर्च १,२८६ पौंड होतो, म्हणजे २२७ पौंडांनी वाढतो. ती ३.४ झाली, तर तो बॉयलरइतकाच राहतो. आता एक प्रस्ताव जुनेच रेडिएटर ठेवून ५५ अंशांच्या पाण्याचा आहे, तर दुसरा २,००० पौंड अधिक घेऊन मोठ्या रेडिएटरांसह ४५ अंशांचा आहे, आणि त्यांची कार्यक्षमता अनुक्रमे २.८ व ३.४ आहे, असे धरू. अधिकची रक्कम सुमारे नऊ वर्षांत वसूल होते, आणि यंत्राचे आयुष्य साधारणतः पंधरा ते वीस वर्षांचे असते. स्वस्त वाटणारा प्रस्ताव असा महाग पडतो. प्रस्तावात खोलीनिहाय उष्णताक्षय आणि पाण्याचे तापमान लेखी नमूद नसेल, तर त्या किमतीची दुसऱ्या किमतीशी तुलनाच संभवत नाही.

वायूची जोडणी पूर्णपणे तोडल्यास तिचा रोजचा स्थिर आकार वाचतो. ही बचत वर्षाला शंभर पौंडांच्या आसपास जाते. स्वयंपाकघरातील शेगडी वायूवरच ठेवली, तर मात्र तो आकार भरावाच लागतो.