यंत्रानें विचारलेला प्रश्न

‘संगणकानें सांगितलें म्हणजे तें खरेंच,’ असें वाक्य हल्लीं घरोघर ऐकूं येतें. विजेचें बिल असो, बँकेचें पासबुक असो, कीं निवृत्तिवेतनाची यादी असो. कागद यंत्रांतून निघाला कीं त्यावर शंका घेणारा अडाणी ठरतो. आम्हीं सारा जन्म मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविला. त्या अनुभवानें एक गोष्ट आम्हांस पुरती कळली आहे. उत्तर चुकतें तेव्हां पुष्कळदां मुलाचें गणित बरोबर असतें. त्यानें प्रश्नच निराळा वाचलेला असतो. यंत्राची गतही अशीच आहे, हें गेल्या दिवाळींत आमच्याच घरीं प्रत्ययास आलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा नव्हे. २०१७ सालच्या जून महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें शेतकऱ्यांचें दीड लाख रुपयांपर्यंतचें थकित कर्ज माफ करण्याची योजना जाहीर केली. अर्ज संगणकावर भरून घेण्यांत आले, आणि १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळींत, प्रमाणपत्रें वांटण्यास आरंभ झाला. परंतु शेतकऱ्यांचे अर्ज आणि बँकांनीं पाठविलेल्या याद्या यांचा मेळ बसेना, व पैसे खात्यांत पडण्यास विलंब लागला. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतही या याद्यांकडे डोळे लावून बसलेलीं घरें थोडीं नव्हतीं.

दोन याद्या जुळविणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. एक क्रमांक पहिल्या यादींत तीनदां व दुसरींत दोनदां असेल, तर जुळवणी करणारें यंत्र सहा ओळी देतें. क्रमांकाची जागा कोरी असेल, तर एकही देत नाहीं. पहिल्या चुकीची ओरड होते. दुसरीचा आवाजही होत नाहीं.

शिवाय लाखों नांवांच्या याद्या एका यंत्राला झेपत नाहींत. मॅट्रिकच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जसे अनेक परीक्षकांस वांटतात आणि गुणांची बेरीज मागाहून एके ठिकाणीं होते, तसें येथेंही करावें लागतें. ही वांटणीची पद्धत गूगल कंपनींतील जेफ्री डीन व संजय घेमावत या दोघांनीं २००४ सालीं एका निबंधांत मांडली. पुढें २००९ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मतेई झहारिया यांनीं ‘स्पार्क’ या चौकटीचें काम सुरू केलें. आज मोठमोठ्या कचेऱ्यांचें काम तिजवर चालतें.

माहितीचें कोठार म्हणजे डेटाबेस, आणि त्या कोठाराला करावयाचा लेखी प्रश्न म्हणजे क्वेरी. पूर्वीं हा प्रश्न मनुष्य स्वतः लिही. स्पार्कवर काम करणारा मात्र पुष्कळदां नुसत्या पायऱ्या सांगतो: ही यादी घे, ती घे, क्रमांकावरून जुळव, अमुक गाळ. त्यांवरून कोठारास विचारावयाचा प्रश्न यंत्र आपण होऊन रचतें. रचतांना पायऱ्यांचा क्रम बदलतें, कांहीं अटी कोठाराकडे आधींच पाठवितें, कांहीं पदरच्या घालतें. अर्थ बदलूं नये एवढें पथ्य पाळून काम वांचविण्याकडे त्याचें लक्ष असतें. तयार झालेला प्रश्न मात्र कंसांत कंस असा असतो, कीं बाणभट्टाच्या समासांची आठवण व्हावी.

आमची धाकटी पुतणी पुण्यास अशाच एका कंपनींत नोकरीस आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं सर्वांचा फराळ आटोपला, मुलें फटाके उडवून झोपलीं, तरी ही माजघरांत यंत्र पुढें घेऊन बसलेली. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाली, ‘काका, एका संस्थेच्या वृद्ध कामगारांची निवृत्तिवेतनाची यादी आहे. ती बँकेच्या यादीशीं जुळवून सोमवारीं पाठवायची. कांहीं शें नांवें कमी येतात. दहा वेळां तपासलें. माझ्या पायऱ्यांत चूक दिसत नाहीं.’

आम्ही म्हणालों, ‘तुझें संगणकशास्त्र आम्हांस कळत नाहीं. पण श्लोक अडला कीं आम्ही मुलांना आधीं अन्वय लावावयास सांगत असूं. तूं काय सांगितलेंस तें वाचलेंस. यंत्रानें त्याचा अन्वय कसा लावला, तें पाहिलेंस का?’

ती हसली. ‘तशी सोय आहे, काका. मींच आळस केला.’ यंत्र आपली योजना मागितल्यास लिहून दाखवितें. तिनें ती मागविली व समासाचा विग्रह करावा तशी अगदीं आंतल्या कंसापासून बाहेर वाचूं लागली. कांहीं वेळानें थबकली. ‘क्रमांकाची जागा कोरी नसावी, अशी अट इथें आहे. ही मीं घातलेलीच नाहीं!’

अट यंत्राची होती, पण चूक यंत्राची नव्हती. क्रमांक समान असलेल्याच ओळी जोडावयाच्या, असें तिनें सांगितलें होतें. कोरी जागा कशाशींच समान ठरत नाहीं, दुसऱ्या कोऱ्या जागेशींही नाहीं. अशा ओळी कधींच जुळणार नाहींत हें जाणून यंत्रानें त्या आधींच वगळल्या. तिला हवें होतें निराळेंच: पहिल्या यादींतील प्रत्येक नांव राहूं दे, जोड सांपडली तर लाव, न सांपडली तर जागा मोकळी ठेव. एका पायरींत तेवढा बदल करतांच नांवें परत आलीं, आणि ज्यांना जोड नव्हती तीं हातानें तपासण्यासाठीं वेगळीं निघालीं.

तीं नांवें बहुधा सर्वांत वृद्धांचीं होतीं, आणि त्यांत बायका पुष्कळ. असें कां, हें सोलापूरकरास सांगावें लागत नाहीं. जन्मभर विड्या वळून, माग चालवून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्यांचे ठसे यंत्राला नीट उमटत नाहींत. नोंद रखडते आणि रकाना कोरा राहतो. अधिक कष्ट केले म्हणून यादींतून गळावें, हा केवढा उलटा न्याय!

न्यायशास्त्रानें अभावालाही पदार्थ मानलें आहे. भूतलावर घट नाहीं, हेंही एक ज्ञानच होय. कोरा रकाना तसा अभाव नव्हे. तें अज्ञान आहे. शून्य म्हणजे ‘नाहीं हें ठाऊक आहे’. कोरें म्हणजे ‘ठाऊकच नाहीं’. म्हणून क्वेरीच्या भाषेंत खरें व खोटें यांच्या जोडीला ‘अज्ञात’ अशी तिसरी कोटी आहे. पुतणीनें आणखी एक गंमत सांगितली. ‘त्या यादींत ज्यांचा क्रमांक नाहीं असे कोण?’ असा प्रश्न केला आणि त्या यादींत एकही क्रमांक कोरा असला, तर बहुधा उत्तरांत एकही नांव येत नाहीं. तो कोरा क्रमांक याचाच नसेल कशावरून, हा संशय यंत्र कोणालाही सोडीत नाहीं.

आमच्या गांवच्या चादरीवर नक्षी उठते ती जेकार्डच्या मागावर. फ्रान्समधील लिऑं येथें जेकार्ड यांनीं तो माग १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. भोंकें पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकतात आणि त्यांप्रमाणें ताण्याचे धागे उचलले जातात. नक्षींत तीच चूक पुनःपुन्हां येऊं लागली, तर नुसती चादर न्याहाळून भागत नाहीं. पुठ्ठे तपासावे लागतात. क्वेरीचेंही तसेंच. यंत्राची योजना वाचावी. कोठाराच्या रोजनिशींत प्रत्यक्ष कोणता प्रश्न पोंचला तो पहावा. ज्यांचें उत्तर आपणांस पाठ आहे अशीं दहा नांवें घेऊन तोच प्रश्न त्यांवर करून पहावा. आणि सर्वांच्या आधीं कोरे रकाने मोजावे. कधीं उत्तर बरोबर येतें पण सबंध रात्र जाते. तेथें यंत्राला एखादी अट कोठाराच्या भाषेंत उतरवितां आलेली नसते, व तें सगळें कोठारच उचलून आणतें. तेंही योजनेंत दिसतें.

सोमवारीं यादी गेली ती पुरी नांवें घेऊन. त्यांतील एकाशींही आमची ओळख नाहीं, आणि आपलें नांव एका रात्रीपुरतें गळलें होतें हें त्यांना कधीं कळणारही नाहीं. तरुण वाचकांस एवढेंच सांगणें कीं, उत्तरावर भरंवसा ठेवण्यापूर्वीं विचारलेला प्रश्न वाचावा. वडील मंडळींसाठीं दुसरें सांगणें आहे. घरांतील आजी-आजोबांचे, आणि आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईचे, कागद एकदां काढून पहावे. त्यांत एखादा रकाना कोरा असेल, तर तो कोणा यंत्राच्या दृष्टीस पडण्यापूर्वीं आपण भरून घ्यावा.