लाल औषध गाठीत किती खोल जाते?

खालाला स्तनाचा कर्करोग झाला आणि ‘लाल औषध’ हा शब्द आमच्या घरात आला. पहिल्या केमोनंतर तिची लघवी लालसर झाली, तेव्हा आम्ही सगळेच घाबरलो. तो औषधाचाच रंग आहे, असे नर्सने समजावले. पण दुसऱ्या केमोनंतरही गाठ हाताला तेवढीच लागत होती. खालू म्हणाले, “औषध अंगभर भिनलं, केस गेले, मग गाठीलाच का लागत नाही? बंद करूया का?”

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात विचारला जातो. संशोधकांनाही तो पडला.

या लाल औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. विशिष्ट प्रकाशात ते स्वतःच चमकते. त्यामुळे गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की औषध कुठवर पोचले ते दिसते. टोरांटोचे डॉ. इयान टॅनॉक आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधील गाठी अशा तपासल्या. २००५ मध्ये त्यांनी दाखवले की रक्तवाहिनीपासून ४० ते ५० मायक्रॉनवरच औषधाचे प्रमाण निम्मे होते. हे अंतर साधारण केसाच्या जाडीपेक्षाही कमी!

असे का होते? निरोगी अवयवात बारीक रक्तवाहिन्या जवळजवळ, नीट रचलेल्या असतात. गाठ घाईने वाढते, म्हणून तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. पाझरलेला द्रव बाहेर जायला धड वाट नसते. तो आत साठतो, दाब वाढतो आणि औषधाला आत शिरणे अवघड होते. फुटक्या पाइपच्या नळयोजनेत टाकी भरलेली असूनही शेवटच्या घरात पाणी येत नाही, तसेच हे.

आयआयटी कानपूरमध्ये केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले डॉ. राकेश जैन यांनी अमेरिकेत या दाबाचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांनी वेगळा विचार मांडला. गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे योग्य प्रमाणात दिली, तर उरलेल्या वाहिन्या काही काळ सुधारतात आणि केमो आत पोचायला मदत होते. हा काळ नेमका साधणे, हेच कठीण काम आहे.

खालाच्या डॉक्टरांनी खालूंना सांगितले, “दोन केमोवरून, तेही हाताने चाचपून, निकाल लावू नका.” त्यांनी सोनोग्राफी केली, उपचार चालू ठेवले. चौथ्या केमोनंतर गाठ लहान झाली आणि मग शस्त्रक्रिया झाली.

प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही. कधी औषध बदलावेही लागते. पण ते तपासण्या पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. आपण घरी बसून केमो बंद करू नये. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: गाठ कमी होते आहे का, हे कोणत्या तपासणीने आणि केव्हा कळेल? आणि झाली नाही, तर पुढे काय करायचे?